आबांची बंदूक

घरातील वृद्धांच्या सुरक्षिततेविषयी आपण पुष्कळ वाचतो. न्हाणीघरातील ओली फरशी, जिन्याचा सैल झालेला कठडा, रात्री उठल्यावर पायांत येणारी चटई, उघडी राहिलेली गॅसची शेगडी, गोळ्यांच्या डब्यांची अदलाबदल. ही यादी मला आता तोंडपाठ आहे, कारण सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांची देखभाल माझ्याकडेच आहे. मात्र या यादीत मी बंदूक कधी वाचली नव्हती. स्वतःच्या घरी ती भिंतीवर टांगलेली असूनही ती या यादीत येते, हे मला २०२२ सालच्या खंडेनवमीपर्यंत सुचले नाही.

बंदूक म्हटली की शहरातील वाचकांच्या डोळ्यांसमोर चित्रपट येत असेल. आमच्या सिंधुदुर्गात तिचे रूप निराळे आहे. डोंगराच्या पायथ्याशी भातशेती, वर काजू, घराभोवती माड आणि सुपारी. माकडे दिवसा येतात, रानडुकरे रात्री. त्यांना पिटाळण्यासाठी शेतीसंरक्षणाची परवानाधारक बंदूक कित्येक शेतकऱ्यांच्या घरी असते. ती प्राणी मारण्यासाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तसे मनाला येईल त्याप्रमाणे करता येत नाही. एक बार हवेत काढायचा, कळप निघून जातो. कोयता आणि पारय जशी घरात असतात तशीच तीही असते, आणि माणूस जसा कोयत्याला सरावतो तसाच तिलाही सरावतो. हा सराव धोक्याचा ठरू शकतो हे मला फार उशिरा कळले.

आबांना परवाना मिळाला तो १९७४ मध्ये. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा झालेला नव्हता. तो १९८१ सालचा. म्हणून परवान्याच्या कामासाठी त्यांना रत्नागिरीच्या वाऱ्या कराव्या लागल्या. बंदूक बारा बोअरची, एकनळी, बाहेर घोडा असलेली. वरचा खटका दाबला की नळी खाली झुकते आणि मागचे तोंड उघडते; तिथे काडतूस बसवायचे आणि नळी परत मिटवायची. मग अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि चाप दाबायचा. इतकी साधी रचना. पण एकदा नळी मिटली की आत काडतूस आहे की नाही हे बाहेरून कशावरूनही कळत नाही. भरलेली आणि रिकामी बंदूक दिसायला एकसारखी, वजनालाही जवळजवळ तेवढीच.

मी १९८८ मध्ये या घरात आले तेव्हा मला बंदुकीची भीती वाटे. आबांनी ती भीती घालवली नाही, उलट वाढवली, असे म्हटले तरी चालेल. बंदूक भिंतीवर आडवी टांगलेली असे आणि तिच्या नळीचे तोंड बाहेरच्या दगडी भिंतीकडे असे, माणसे वावरतात त्या बाजूला कधीच नसे. काडतुसे माजघरात ठेवीत नसत. ती देवघरामागच्या खोलीत, कुलूप असलेल्या पत्र्याच्या पेटीत असत आणि किल्ली आबांच्या जानव्याला. रिकामी बंदूक हातात घेतानाही त्यांचे बोट चापावर जात नसे. ते नळीलगत सरळ ताणलेले असे. कोणी पाहुणा हौसेने हात पुढे करी, तर आबा आधी बंदूक उघडीत, आतले तोंड त्याला दाखवीत आणि उघडीच त्याच्या हाती देत. परत घेतल्यावर पुन्हा स्वतः पाहत. "आत्ताच तर पाहिलंत," असे कोणी म्हटले की ते काही उत्तर देत नसत, फक्त पाहत.

गडगा ओलांडण्याचा त्यांचा एक रिवाज होता. कोकणातील शेतांना दगड रचून केलेली कुंपणे असतात, त्यांवरून चढताना पाय घसरणे नेहमीचेच. आबा गडग्याशी आले की बंदूक उघडून काडतूस काढीत, बंदूक पलीकडे आडवी ठेवीत, तिचे तोंड स्वतःपासून दूर करून, आणि मग रिकाम्या हातांनी चढत. रात्री पाऊस कोसळत असला आणि पलीकडे डुकरे भात लोळवीत असली तरी यात फरक पडत नसे. ज्यांना हा उपद्व्याप वाटे अशांपैकी एक त्यांचा धाकटा भाऊ होता. भरल्या बंदुकीनिशी गडगा चढताना तो पडला आणि बार त्याच्या कानाशेजारून गेला. त्यानंतर तोही काडतूस काढू लागला.

बार न उडाल्यास काय करायचे, हेही ठरलेले होते. चाप दाबला, घोडा पडला आणि आवाज झाला नाही, तर बंदूक लगेच उघडून बघण्याचा मोह होतो. दमट हवेत जुन्या काडतुसाची दारू कधीकधी क्षणभर थांबून पेटते. म्हणून आबा नळी होती त्या दिशेलाच धरून मनात साठ आकडे मोजीत आणि मगच उघडीत. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बंदूक बाहेर काढताना तर ते हमखास नळीतून आरपार पाहत. कुंभारीण माशी कोणत्याही भोकात मातीचे घर बांधते, बंदुकीची नळी तिला अपवाद नाही, आणि आत चिखलाचा गोळा असताना बार काढला तर नळी फुटू शकते. तेलपाण्यासाठी खोबरेल वापरू नये, ते थंडीत थिजते आणि कळी अडकतात. शिलाई यंत्राचे तेल चालते, असे त्यांचे मत. सफाईनंतर हात साबणाने धुतल्याशिवाय ते पाण्याच्या तांब्यालाही शिवत नसत, कारण छर्रे शिशाचे असतात.

आमच्या वाडीत एका घरी ठासणीची जुनी बंदूक होती. तिची परीक्षा आणखी कठीण, कारण दारू आणि छर्रे पुढच्या तोंडातून ठासलेले असतात, मागून उघडून बघण्याची सोयच नाही. तिच्या गजावर मालकाने दोन खुणा केल्या होत्या. गज आत सोडला आणि वरच्या खुणेपर्यंत गेला तर नळी रिकामी. खालच्या खुणेशी अडला तर भरलेली. मला ती युक्ती फार आवडली होती. विश्वास ठेवायचा नाही, मोजायचे.

आबांच्या सर्व सवयींत महत्त्वाची सवय मात्र त्यांची एकट्याची नव्हती. शेतातून परत आल्यावर ते खळ्यात तुळशीपाशी उभे राहून बंदूक उघडीत, काडतूस काढून खिशात टाकीत आणि नळी वर करून एका डोळ्याने आकाशाकडे पाहत. आतून स्वच्छ गोल उजेड दिसला म्हणजे नळी रिकामी. हे करीत असताना सासूबाई पडवीच्या दारात उभ्या राहत. त्यांनी त्या बंदुकीला उभ्या आयुष्यात हात लावला नाही. त्या फक्त विचारीत, "आभाळ दिसला?"

"दिसला," आबा म्हणत. मगच त्या दारातून बाजूला होत. रात्री आभाळ दिसत नसे तेव्हा त्या कंदील धरीत, पुढे विजेरी आली. पंचेचाळीस वर्षे हा प्रश्न आणि हे उत्तर चालले. माझी मुले लहानपणी भातुकलीतही हा संवाद करीत.

२०१९ च्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. त्यानंतर तो प्रश्न विचारायला दारात कोणी उभे राहिले नाही. आमच्यापैकी कोणाच्या हे ध्यानातही आले नाही. माणूस गेल्यावर त्याची कामे आपण वाटून घेतो: देवपूजा, दुधाचा हिशेब, लोणच्याच्या बरण्या. हा दोन शब्दांचा प्रश्नही एक काम होते, हे कोणी मोजले नाही.

त्या पहिल्या वर्षाविषयी एक गोष्ट लिहायची की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. आबा तेव्हा जेवत नसत, पहाटे तीनला उठून पडवीत बसत. एकदा मला म्हणाले, "आता कोणासाठी जगायचा?" मी ते दुःखाचे बोलणे समजले, त्यांना समजावले, पेज करून दिली. ज्या भिंतीला ते पाठ टेकून बसले होते तिच्या पलीकडच्या बाजूला बंदूक टांगलेली होती. किल्ली त्यांच्याच जानव्याला होती. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. म्हातारपणी जोडीदार गेल्यावर येणारे नैराश्य हा आजार असतो, त्यावर उपचार असतात, आणि तो काळ सरेपर्यंत असे साधन घराबाहेर ठेवणे हा त्या उपचाराचाच भाग आहे, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले. "जीव नकोसा होतो का, असं त्यांना सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस बोलू लागतो," असेही ते म्हणाले. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक मी तेव्हापासून स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे. आबा त्या वर्षातून हळूहळू बाहेर आले, आमच्या काळजीमुळे म्हणण्यापेक्षा दैवाने.

पुढच्या दोन वर्षांत दुसरे बदल दिसू लागले. चहाचा कप धरताना उजवा हात थरथरे. संधिवाताने अंगठ्याच्या मुळाशी सूज असे, बाटलीचे झाकण उघडत नसे. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, दुसऱ्याचे लांबणीवर पडले होते. झोपेसाठी अर्धी गोळी सुरू होती. भाजीवाल्याला पैसे दोनदा देणे, गेलेल्या भावाची चौकशी करणे हेही होऊ लागले. आम्ही त्यांना जिन्यावर एकटे सोडत नव्हतो, गॅसला हात लावू देत नव्हतो, यजमानांनी त्यांची मोपेड विकून टाकली होती. बंदूक मात्र होती तिथेच होती. का? कारण बंदुकीच्या बाबतीत आबा चुकत नाहीत, हे आम्ही गृहीत धरले होते. चाळीस वर्षांच्या सावधपणाची पुण्याई आम्ही खर्चून खात होतो.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रे आणि अवजारे पुजतात. त्या वर्षी मुलगी ठाण्याहून आली होती, बरोबर चार वर्षांचा नातू. माजघरात पाट मांडून त्यावर कोयता, विळे, पारय, आकडी ठेवली होती. मुलीने हौसेने आपला लॅपटॉपही ठेवला. यजमान देवळात गेले होते. आबांनी बंदूक खाली घेतली, खुर्चीवर बसून दस्ता जमिनीवर टेकला, नळी वर केली आणि फडक्याने पुसू लागले. घोड्याच्या खाली धूळ साचते. ती पुसण्यासाठी त्यांनी घोडा मागे ओढला. मग तो उतरवायला घेतला. घोडा उतरवताना अंगठ्याने तो धरून ठेवायचा, चाप दाबायचा आणि घोडा हळूहळू पुढे सोडायचा. सगळा भार त्या सुजलेल्या, थरथरत्या अंगठ्यावर. अंगठा निसटला.

बंद खोलीत बंदुकीचा आवाज कसा असतो हे सांगता येत नाही. तो कानांना ऐकू येतच नाही, छातीवर आदळतो. छपराची तीन कौले फुटून खाली आली, धूळ, खापऱ्या आणि दारूचा तिखट वास. नातू दोन पावलांवर उंबरठ्यात होता. झेंडूची फुले आणायला मी त्याला नुकतेच पिटाळले होते आणि तो फुले घेऊन आत येत होता. त्याच्या हातातील टोपली तशीच होती, फुलांवर कौलांचा चुरा पडला होता. तो रडला नाही. मुलगी किंचाळत धावली, आणि ती किंचाळते आहे हे मला फक्त तिच्या तोंडाकडे बघून कळले.

आबा खुर्चीवर तसेच बसून होते. थोड्या वेळाने म्हणाले, "रिकामीच होती ती." पुन्हा म्हणाले, "माका आठवता, रिकामीच होती."

ती रिकामी नव्हती. दोन रात्री आधी, पिकत आलेल्या भातात डुकरे शिरली म्हणून आबा मध्यरात्री एकटेच उठून बंदूक भरून खळ्यात गेले होते. बार काढावा लागला नाही. ते परत आले, बंदूक टांगली आणि झोपले. दारात कोणी नव्हते आणि आभाळ कोणी विचारले नाही. हे आम्हांला गड्याकडून कळले. त्याने गोठ्यातून त्यांना पाहिले होते.

त्या दिवसाचा मी नंतर अनेकदा विचार केला. आबांची एक सवय मोडली होती, पण दुसरी शाबूत होती. बसल्यावर नळी छपराकडे आणि माणसांपासून दूर, हे त्यांच्या हाताने आपोआप केले. एक कडी तुटली तर दुसरीने धरावे, यासाठीच इतक्या सवयी एकावर एक रचलेल्या असतात. भरलेली आहे असे समजूनच हाताळायचे, तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आणि समोर तसेच समोरच्याच्याही पलीकडे काय आहे ते पाहायचे. यांतली एक चूक सहसा माफ होते, दोन एकदम झाल्या की होत नाही. आणखी एक उलगडा झाला. घोडा उतरवण्यापूर्वी बंदूक उघडून काडतूस काढायचे, हा क्रम आबांनीच मुलाला शिकवला होता. हातांना कृती आठवत होत्या, पण त्यांचा क्रम निसटू लागला होता. स्मृतिभ्रंशाची सुरुवात पुष्कळदा अशीच होते, हे पुढे कळले.

ही गोष्ट केवळ म्हाताऱ्यांचीच आहे असे कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्वरमधून सुटलेली गोळी त्यांच्या पायात शिरल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. पहाटेची वेळ, प्रवासाची गडबड. घाई, अपुरी झोप, औषधाची गुंगी, दारू, यांपैकी काहीही तरुण माणसालाही आबांच्या पंक्तीला नेऊन बसवते.

त्या संध्याकाळी यजमानांनी बंदूक उघडून पाहिली, पुन्हा पाहिली आणि तिचे तीन भाग सुटे केले: नळी, नळीखालचा लाकडी तुकडा आणि दस्ता. अशी बंदूक तीन भागांत सुटी होते हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. ते भाग तीन वेगळ्या कपाटांत कुलपात गेले आणि काडतुसांच्या पेटीची किल्ली माझ्याकडे आली. किल्ली मागताना मला रडू आले. आबांनी काही न बोलता ती जानव्यातून सोडून दिली. शेजाऱ्यांनी आवाजाची चौकशी केली, तेव्हा आम्ही फटाका सांगितला. ते चुकलेच. लाजेपोटी लपवलेल्या अशा गोष्टींमुळेच शेजारच्या घरातली बंदूक भिंतीवर तशीच राहते.

कानाच्या डॉक्टरांकडे मात्र दुसऱ्याच दिवशी गेलो. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर असतो आणि एवढा आवाज एका फटक्यात कायमचे नुकसान करू शकतो, असे त्यांनी सांगितले. नातवाचे कान सुदैवाने ठीक होते. आबांच्या डाव्या कानात जी शिट्टी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही.

त्याच आठवड्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आबांची स्मरणशक्ती तपासली. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळाचे चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितली. आबांनी वर्तुळ सुरेख काढले, सगळे आकडे मात्र उजव्या बाजूलाच दाटीने लिहिले. घरी गॅस कोण लावते, पैसे कोण सांभाळते, गाडी चालवतात का, असे डॉक्टरांनी मला विचारले. बंदुकीचे त्यांनी विचारले नाही, मीच सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले की पुढे या आजारात संध्याकाळच्या वेळी भास होऊ शकतात, घरात चोर शिरले असे वाटू शकते, आपलीच माणसे अनोळखी दिसू शकतात. त्यांना पुढचे वाक्य बोलावे लागले नाही.

बंदुकीचे करायचे काय, यावर घरात मतभेद झाले. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक तरतूद आहे, ती ज्येष्ठ परवानाधारकांना ठाऊक असावी. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे गाठली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून तो आपल्या हयातीतच एखाद्या कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतो. वारसाला आपोआप काही मिळत नाही; स्वतःचा अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलीस चौकशी हे सारे त्याला करावे लागते. आबा दोन्ही अटींत केव्हाच बसत होते. यजमानांच्या मनात तसे होते. वडिलांची वस्तू घरात राहावी, हा लोभ मी समजू शकते. परंतु आम्ही दोघेही साठीकडे झुकलेले. यजमानांना मधुमेह, मला रात्रीचे नीट दिसत नाही. दहा वर्षांनी आमचाही अंगठा थरथरणार आणि तेव्हा आम्हांला सांगायला कोण असणार? आबांनी शेताला सौर कुंपण घालण्याला कायम विरोध केला होता. त्या वर्षी आम्ही ते घातले. डुकरे त्याला बंदुकीइतकी भीत नाहीत, हे मात्र खरे आहे.

बंदूक जमा करण्याचे ठरले. परवाना संपला किंवा बाळगणे शक्य नसले, तर शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. परवानाधारक निवर्तल्यास वारसांनी हेच विनाविलंब करायचे असते. जुनी काडतुसे विहिरीत टाकणे, पुरणे, चुलीत घालणे किंवा भंगारवाल्याला देणे यांतले काहीही करायचे नाही, तीही सोबत द्यायची. ज्या घरी बंदुकीची माहिती असलेले कोणीच उरलेले नाही, तिथे ती हाताळून बघूच नये. मुलांना खोलीबाहेर ठेवून जाणकाराला किंवा पोलिसांना बोलवावे. आमच्याकडे आबा होते. परवाना त्यांच्या नावावर असल्यामुळे नियमानेही त्यांना बरोबर घेणेच योग्य होते. पण खरे कारण निराळे होते. ती बंदूक त्यांच्या नकळत घरातून जावी हे मला पटत नव्हते.

त्या सकाळी यजमानांनी तिचे भाग जोडले. आबा धोतर, सदरा आणि टोपी घालून तयार झाले, रत्नागिरीला निघाल्यासारखे. बंदूक हाती घेऊन ते खळ्यात तुळशीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी ती उघडली. आत काही नव्हते, ते आम्ही सर्वांनी पाहिलेले होते. तरी त्यांनी नळी वर केली आणि डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मी पडवीच्या दारात होते. काय वाटले कोणास ठाऊक, मी विचारले, "आबा, आभाळ दिसला?"

"दिसला," ते म्हणाले, आणि उघडीच बंदूक त्यांनी यजमानांच्या हाती दिली.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी खुर्ची दिली, चहा मागवला. यजमानांनी नवमीला घडलेले सर्व सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले, रागावले नाहीत. अशा बंदुका आणखी कोणाकोणाच्या घरी असतील याचा जणू हिशेब करीत असल्यासारखे खिडकीबाहेर बघत राहिले. बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या तपासून पावती मिळाली.

पहिले काही महिने आबा मोकळ्या खुंट्यांकडे बघून विचारीत, "बंदूक खय गेली?" आम्ही खरे सांगत असू. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरे, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उतरणे. दर वेळी त्यांना ती नव्याने गमवावी लागे. मग एकदा यजमानांच्या तोंडून सहज निघून गेले, "निवडणूक आसा ना, जमा केली." निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि निकालानंतर परत मिळतात, हे आबांच्या पन्नास वर्षांच्या अनुभवातले. त्यांचा चेहरा एकदम निवळला. "पावती जपान ठेव," म्हणाले.

खोटे बोलणे मला आवडत नाही, पण यापेक्षा बरे उत्तर आम्हांला सापडलेले नाही. आबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. माझे नाव ते कधी विसरतात, कधी मला सासूबाईंच्या नावाने हाक मारतात. संध्याकाळी पडवीत बसले की शेताकडे बघत विचारतात, "निकाल लागलो काय?"

"अजून नाय, आबा," मी सांगते आणि त्यांची गोळी व पाण्याचा पेला पुढे करते.